लातूरचं स्थळ आणि घरचा साबण

१ अर्दिबेहेश्त १३४६ फसली (इंग्रजी मार्च १९३७). सकाळी.

आजपासून विलायती साबण बंद. कायमचा. (शेवटची वडी काल झिजून संपली, तो निव्वळ योगायोग.)

कारण लिहून ठेवतो. लातूरचे बापूसाहेब वकील, त्यांची मुलगी सौदामिनी. प्रेमलावहिनींच्या माहेरच्या नात्यातली. स्थळ वहिनींनीच आणलं. माझा फोटो लातूरला गेला, तिकडून पसंतीसारखं उत्तर आलं, आणि अक्षय तृतीया झाली की बापूसाहेब स्वतः मला बघायला नांदेडला येणार. त्यांनी हो म्हटलं की लग्न. हे स्थळ हुकलं तर पुढं दुसरं येईल याचा भरवसा नाही, असं दादा म्हणतात. दादांचा स्वभाव पहिल्यापासून असाच. अदालतीत कारकुनी करून करून माणसाची हिंमत जाते.

अडचण एकच. फोटो हैदराबादेत काढलेला, ट्रेनिंगला होतो तेव्हाचा. त्यात केस आहेत. भरपूर आहेत, कानावर आलेत. आता नाहीत असं मी म्हणणार नाही. मागं सरलेत, एवढंच. मागं सरलेली गोष्ट पुढं आणता येते. मी शाळेत सायन्स शिकवतो, मला माहीत आहे.

दोष साबणाचा. इतकी वर्षं डोक्याला ते सुगंधी विष फासत राहिलो, मुळं बेशुद्ध पडली. आता फक्त नैसर्गिक. रिठा, शिकेकाई, हळद, डाळीचं पीठ. बापूसाहेब येतील तेव्हा फोटो आणि मी एकसारखे दिसलो पाहिजेत. वेळ भरपूर आहे.

२ अर्दिबेहेश्त.

घरात जाहीर केलं. वाटलं होतं, कौतुक होईल. वहिनी पोळी लाटता लाटता हसल्या. म्हणाल्या, "भावजी, आम्ही बाया जन्मापासून शिकेकाईच लावून राहिलो. त्यात नवं काय?" त्यांना समजावलं की बायका लावतात ती सवय, मी लावतो तो एक्सपेरिमेंट. वहिनी म्हणाल्या, हाव, मग एक्सपेरिमेंटचं पाणी तुम्हीच तापवा. दादा तंबाखू थुंकायला उठले.

संध्याकाळी इतवाऱ्यात शिवप्पाच्या दुकानी. रिठे, शिकेकाई, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, सगळं घेतलं. शिवप्पानं पुड्या बांधता बांधता विचारलं, "घरात कोण बाळंत झालं, मास्तर?" अडाणी माणूस. सौम्यपणे हसलो.

५ अर्दिबेहेश्त.

पहिला प्रयोग. रिठे खलबत्त्यात स्वतः कुटले. वहिनी आतून ओरडल्या की त्या खलात काल धर्माबादची मिरची कुटली आहे, आधी धुवा. मी म्हटलं, रिठा स्वतःच साबण आहे, साबण धुवायचा कशाला? खल तसाच घेतला.

डोक्यावर ओतलं. काही क्षण शांत. मग जे झालं ते शब्दांत मांडता येत नाही. साखराबाई भांडी घासत होती, ती म्हणते मी अंगणात तीन चकरा मारल्या आणि तुळशीला धडकलो. मला आठवत नाही. रिठा इतका जालीम असतो हे पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. मुळं नक्की जागी झाली असणार.

६ अर्दिबेहेश्त.

डोळे अजून लाल. शाळेत हेडमास्तरसाहेबांनी बाजूला बोलावलं. जवळ आले, दोनदा वास घेतला. शिकेकाईचा दरवळ आवडला असावा. मग हळू आवाजात म्हणाले, "मास्टर, शरीफ खानदान के हो. ये आदत छोड़ दो." मी छाती पुढं काढून म्हटलं, साहेब, आता तर ही जन्माची आदत, सकाळ-संध्याकाळ दोन वेळ. साहेबांचा चेहरा एकदम पडला. विलायती साबणाचे अभिमानी दिसतात.

११ अर्दिबेहेश्त.

नवा केस! कपाळाच्या वर, उजव्या बाजूला. उभा, ताठ. दादांना दाखवला, त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि "हूं" केलं. वहिनींना दाखवला. साखराबाईला दाखवला. तिला दिसलाच नाही, तिची नजर कमजोर.

दुपारी पडला. वहिनींचं मत, तो कपडे झटकायच्या ब्रशचा होता. असेलही. पण टाळूनं त्याला धरून ठेवलं सकाळभर, हे विसरून चालणार नाही.

१६ अर्दिबेहेश्त.

गोदावरीवर फिरायला गेलो. घाटावर एक म्हातारे सरदारजी केस धुऊन वाळवत बसले होते. केस म्हणजे काय, पाठीवरून खाली पायरीवर आले होते. मी बघतच राहिलो. धीर करून विचारलं, कशानं धुता? म्हणाले, दही, आणि गुरूची कृपा. घरी आल्या आल्या दही टिपून ठेवलं.

१७ अर्दिबेहेश्त.

दह्याचा प्रयोग. कढीसाठी लावलेलं दही होतं, वहिनींचं थोडं बोलणं खावं लागलं. शास्त्रासाठी माणसानं ऐकून घ्यावं. वर्गात माशा फार. पोरं हिसाब सोडवायचा सोडून माझ्या डोक्यावरच्या माशा मोजू लागली. त्यातल्या एकानं उत्तर बरोबर सांगितलं म्हणून त्याला शाबासकी दिली आणि तास संपवला.

दही रद्द. सरदारजींचं दुसरं औषध आपल्या हातातलं नाही.

१९ अर्दिबेहेश्त.

पुड्या, वाट्या, फडकी, नुसता पसारा. मग एकदम विचार आला, आणि तो इतका मोठा होता की मी उभाच राहिलो. आपणच साबण करायचा! वडी! नैसर्गिक! डाळीचं पीठ, करडीचं तेल, रिठ्याचं पाणी आणि हळद, हळद भरपूर. केसांनाही तीच, अंगालाही तीच. केस वाढतात, कांती उजळते, एका दगडात दोन पक्षी.

नावही ठरलं. सौदामिनी वडी. नाव अजून कोणाला सांगितलेलं नाही. वहीतसुद्धा लिहिताना कान गरम झाले.

पुढं नांदेडला छोटासा कारखाना. लातूर, धर्माबाद, चाकूर इथं एजंट. लातूरचा एजंट नेमायला मी स्वतः जाईन. सासुरवाडीत उतरायची सोय आहेच.

२४ अर्दिबेहेश्त.

वडी धरत नाही. साच्यासाठी वहिनींच्या मोदकपात्राच्या वाट्या घेतल्या होत्या. माळवदावर उन्हात ठेवल्या, मुंग्या आल्या. ओट्यावर ठेवल्या, शेजाऱ्यांच्या शेळीनं दोन खाल्ल्या. शेळी ठणठणीत आहे, म्हणजे वडी संपूर्ण निर्धोक. हे जाहिरातीत घालता येईल.

२९ अर्दिबेहेश्त.

धरली! आणि अशी धरली की वाटीतून निघेना. दादांनी कुऱ्हाडीचा दांडा मारून काढली. वाटीला पोचा आला, वडीला नाही. फेस येत नाही, तो नंतर येईल. रंग मात्र झकास पिवळा.

साखराबाईनं न विचारता एक उचलली. परत आणून दिली तेव्हा म्हणाली, "मास्तर, भांड्याला लई बेस हाय." पितळेचा तांब्या आरशासारखा केला होता तिनं. तिला बजावलं की ही केसांची आणि कांतीची वस्तू आहे. म्हणाली, "असंल." नेऊन पुन्हा भांड्यांपाशीच ठेवली.

३ खुर्दाद.

रोज सकाळी सौदामिनी वडी उगाळून सर्वांगाला लावतो, डोक्यापासून पायापर्यंत, आणि मुरायला तासभर तसाच बसतो. धुतल्यावर तजेला दिसतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, पिवळे दिसून राहिलात." मी म्हटलं, सोनंही पिवळंच असतं. त्या म्हणाल्या, कावीळही.

दादांनी विचारलं, हे सगळं कोणासाठी? कधी कधी दुपारी फोटोतल्या त्या माझ्याकडे बघतो आणि मनात येतं, ती याच माणसाला बघून हो म्हणाली. बापूसाहेब दारात येतील आणि समोर दुसराच कोणी बसलेला असेल, तर? म्हणून एक दिवसही खाडा करायचा नाही.

७ खुर्दाद.

रिझल्ट दिसू लागला! आज रस्त्यानं चारचौघं वळून वळून बघत होते. पानवाला म्हणाला, "मुबारक हो, मास्टरसाब." मी अदबीनं सलाम केला. शिवप्पानं तर दुकानातून खाली उतरून हातात नारळ दिला. "लपवून ठेवलंत मास्तर! कधीचा मुहूर्त?" बापूसाहेब येणार हे याला कुठून कळलं कोण जाणे. मी म्हटलं, अक्षय तृतीयेनंतर बघू. कुठली सोयरीक, म्हणाला. मी म्हटलं, ते आत्ताच सांगायचं नसतं. शिवप्पानं डोळा मारला. उद्या तो माल भरायला लातूरला जातोय.

काल-परवापर्यंत बाळंतपण विचारणारा माणूस आज नारळ देतो. हा कांतीचा प्रभाव.

८ खुर्दाद.

शाळेत गेलो तर साहेबांनी दारातच अडवलं. या खेपेला चेहरा हसरा. न मागता आठ दिवसांची रजा दिली! म्हणाले, असं अंग घेऊन बाहेर हिंडू नये, वारा लागतो, घरी बसा, घरचे लोक काय म्हणतील. वर इतर मास्तरांना म्हणाले, "देखो, इस हाल में भी ड्यूटी पे आया!" टाळ्या वाजल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा टाळ्या.

चेहरा सांभाळण्यासाठी रजा देणारा हेडमास्तर साऱ्या निजामशाहीत दुसरा नसेल.

१२ खुर्दाद. रात्री.

दादा अदालतीतून दुपारीच घरी. पगडी काढून कोनाड्यात फेकली. म्हणाले, "रेणू, तुझं लग्न कोणाशी ठरलंय?" मी लाजलो. म्हटलं, दादा, ते तुम्हालाच ठाऊक. दादांनी कपाळावर हात मारला.

मग कळलं. सगळ्या गावाला वाटतंय की मला हळद लागली! अंगभर हळद लावून फिरणारा तीस वर्षांचा ब्रह्मचारी म्हणजे नवरदेवच, दुसरं कोण? अदालतीत दादांना लोक विचारतात, आम्हाला का नाही बोलावलं. एकानं तर दादांना तोंडावर सुनावलं, हळदीच्या अंगाचा पोरगा गावभर हिंडू देता, तुमच्या घरात रीतभात काही आहे की नाही?

एवढ्यावर भागलं असतं. पण शिवप्पा लातूरहून परत आला तो दादांना भेटला. तिकडं आडतीवर बसून त्यानं हौसेनं सांगितलं, आमच्या रेणुकादास मास्तरांना लग्नाची लई घाई, हळदीनंच शाळेत येतात. आणि तिथं गादीवर कोण बसलेलं? बापूसाहेब वकील. दादा म्हणाले, बापूसाहेब उठले आणि चहा न घेता गेले.

संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा गोड लागलं नाही.

दादा लातूरला पत्र लिहिणार आहेत. मला हुकूम, रंग उतरेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आरसासुद्धा काढून घेतला, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तो आहे म्हणे.

१३ खुर्दाद.

रात्रीतून धीर आला. पत्रानं काय होणार? वकील माणूस, पत्रात खोट काढणारच. त्यापेक्षा मीच लातूरला जाऊन समोर उभा राहिलो की प्रश्न मिटला. स्वच्छ, गोरा, हळदीचा मागमूस नाही, डोक्याला मुंडावळ्या नाहीत. बघा, मी सडाच आहे, बिनलग्नाचा!

फक्त हा पिवळा उतरवला पाहिजे. पाण्यानं जात नाही. ताकानं जात नाही. त्यासाठी सौदामिनी वडीचा स्ट्राँग नमुना काढतो.

१५ खुर्दाद.

स्ट्राँग नमुना तयार. जुनीच वडी किसून त्यात पापडखार आणि चुन्याची निवळी. पिवळ्यात पांढरं ओतलं आणि बघता बघता सगळं लालभडक झालं! मी ओरडलोच. हा नवीनच शोध दिसतो, पुस्तकात कुठं नाही. वहिनी डोकावल्या. म्हणाल्या, "नवं कसलं? माझी मावशी घरी कुंकू करती ते असंच करती. हळदीला चुना अन् खार."

वहिनींना प्रत्येक शोधात माहेर दिसतं.

१६ खुर्दाद. पहाटे.

घरात सगळे झोपलेत. कंदिलाच्या उजेडात आंघोळ उरकली. पिवळ्या अंगावर स्ट्राँग वडी खसाखसा घासली, डोक्याला तर दुप्पट. फेसही आला, पहिल्यांदाच! अंग चुरचुरतंय, म्हणजे मळ सुटतोय. आरसा नाही, पण तळहात बघितले, गुलाबी झालेत. रक्त खेळू लागलं.

काळा कोट, पांढरं धोतर. टोपी घालत नाही, लपवायचं काय आहे? साखराबाईसाठी ओट्यावर निरोप ठेवला तर तिला वाचता येत नाही हे आठवलं. असू दे. येईन तेव्हा आनंदाची बातमी घेऊनच येईन.

१६ खुर्दाद. गाडीत.

प्रवास छान. डब्यात सगळ्यांनी सरकून खिडकीची जागा दिली. एका म्हातारीनं माझ्या पायाला हात लावायला वाकून विचारलं, "नवरी बायांच्या डब्यात हाय का, बाबा?" मी म्हटलं, अजून लातूरलाच आहे. म्हातारी फार हसली. म्हणाली, रुसली असंल. खेड्यातली माणसं किती आपुलकीनं चौकशी करतात.

१७ खुर्दाद. लातूर रोड स्टेशन, परतीच्या गाडीची वाट बघताना.

जिंकलो! सविस्तर लिहितो.

बापूसाहेब ओसरीवर पक्षकारांमध्ये बसलेले. मी पायरीवर उभा राहिलो, नमस्कार केला. बापूसाहेबांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, परत पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. छाप पडली, हे मी तेव्हाच ओळखलं.

उठून आत नेलं. पाट मांडला. दोन सुवासिनी निरांजन घेऊन आल्या, ओवाळलं, आणि सारख्या माझ्या मागं दाराकडे बघत होत्या. बापूसाहेब म्हणाले, "एकटेच आलात?" मी म्हटलं, सध्या एकटाच. त्यांनी लाडू-चिवडा दिला.

खरं तर लग्नाचं बोलायला गेलो होतो, मी सडा आहे हे सांगायला. पण वडीलधाऱ्यांसमोर आपल्या लग्नाचा विषय मुलानं स्वतः काढायचा नसतो, एवढी रीत मला कळते. शिवाय डोळ्यांनी दिसत असताना सांगायची गरज काय?

आणि मग बापूसाहेबांनी काय करावं? आतून टोपी, उपरणं आणि नारळ मागवला आणि मला आहेर केला! स्वतःच्या हातानं टोपी घातली. म्हणाले, "आमचा राग नाही. ज्याचं त्याचं नशीब. सुखी राहा." बघायला गेलेल्या मुलाला टोपी-उपरणं कोण देतं? पसंत पडल्याशिवाय? "सुखी राहा" हा सासऱ्याचाच आशीर्वाद.

निघताना आतल्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि कोणी तरी हसलं. दाबून दाबून, तरी न दाबलं गेलेलं. ती सौदामिनीच. मला शपथेवर सांगता येईल. तिचं ते हसू ऐकलं आणि वाटलं, दह्याच्या माशा, डोळ्यांची आग, दादांचं बोलणं, सगळं वसूल झालं. मोटारीत बसल्यावर डोळे भरून आले. लाडू खिशात ठेवला होता, तो तसाच आहे. खाववत नाही.

१८ खुर्दाद.

घरी पोचलो. दार वहिनींनी उघडलं. हातातली परात पडली. "अगं बाई! भावजी, हे काय करून आलात?" दादा धावत आले आणि मटकन उंबऱ्यावर बसले. मी आहेर दाखवला. कोणी बघेना. वहिनींनी आरसा आणून दिला.

मी लाल होतो. कपाळ, टाळू, कान, मान, सगळा कुंकवासारखा लाल. टाळू तर इतकी लाल की घासून ठेवल्यासारखी चमकत होती. मी असाच गाडीत बसलो, असाच लातूरच्या बाजारातून गेलो, असाच त्यांच्या पाटावर बसलो.

दादांनी हळू आवाजात विचारलं, हळद लागलेला माणूस, चार दिवसांनी कुंकवानं माखून दारात उभा राहिला, तर लोक काय समजतील? मी म्हटलं, काय समजतील? दादा म्हणाले, "लग्न लावून आला, असं समजतील, गाढवा! नव्या नवरदेवाला करतात तो आहेर आहे हा!"

मी उपरण्याची घडी घातली. मग म्हटलं, गैरसमजच आहे ना, तुम्ही जाऊन सांगा, दूर होईल. दादा आणि वहिनी संध्याकाळच्या गाडीनं लातूरला गेले.

१९ खुर्दाद.

घरात मी आणि साखराबाई. तिनं चिंचेचा कोळ लावायला सांगितला. लावला. लालाचा पुन्हा पिवळा झालो. साखराबाई तोंडाला पदर लावून परसात गेली ती बराच वेळ आलीच नाही.

दादा वकिलांशी बोलण्यात पटाईत. सगळं ठीक होईल. बापूसाहेब समंजस वाटले. शिवाय ती हसली होती.

२१ खुर्दाद.

आले.

दादा सरळ आंघोळीला गेले. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बसवलं, पुढ्यात चहा ठेवला. गैरसमज दूर झाला म्हणाल्या. बापूसाहेब पोट धरून हसले, मग त्यांना फार वाईट वाटलं, दादांचे हात धरले. पण शिवप्पानं आडतीवर सांगितलं त्याच आठवड्यात त्यांनी चाकूरच्या स्थळाला शब्द दिला होता. साखरपुडा झालाय. मुलगा तहसिलीत पेशकार आहे. आता शब्द फिरवता येत नाही.

मी म्हटलं, त्याचे केस चांगले असतील.

वहिनी चहाच्या कपाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, सांगू की नको, ठरत न्हाई. मग सांगितलं. "भावजी, सौदामिनीला तुमचा फोटो आवडलाच नव्हता. एवढे केस बघून म्हणाली, हा माणूस दिवसभर स्वतःलाच न्याहाळत बसणार, बायकोकडं कधी बघणार? नकोच म्हणून बसली होती. मग मीच कळवलं, पोरी, ते केस आता राहिले न्हाईत, टक्कल पडून राहिलंय, माणूस मात्र लाखात एक हाय. तेव्हा कुठं हाव म्हणाली."

मी विचारलं, हे कधी कळवलंत? म्हणाल्या, फोटो गेला त्याच आठवड्यात.

म्हणजे साबण बंद करायच्या आधी.

मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट आजवर कधी वाटलं नव्हतं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मला बघवेना. चहा गार झाला, तसाच प्यायलो. मग विचारलं, त्या चाकूरच्या पेशकाराला टक्कल आहे का? वहिनी म्हणाल्या, आहे, म्हणून तर तिनं पसंत केला.

केवढं, म्हटलं. त्यांनी आपल्या डोक्यावर बोट फिरवून दाखवलं. मागं आणि बाजूला अजून बऱ्यापैकी केस आहेत म्हणे.

म्हणजे माझं त्याच्याहून मोठं आहे.